शहजादा दानियालची बंदूक

बऱ्हाणपूर आणि बंदूक हे दोन शब्द एकत्र आले की लढायाच आठवतात: अकबराने असीरगडाला घातलेला वेढा आणि जानेवारी १६०१ मध्ये हाती आलेला तो किल्ला, नाहीतर १६८१ मध्ये संभाजीराजांच्या फौजेने लुटलेले बहादूरपूर. पण या शहरातल्या ज्या एका बंदुकीची हकीकत तिच्या नावानिशी आपल्यापर्यंत पोहोचली आहे, ती रणांगणावरची नव्हे, शौकाची आहे. अकबराचा धाकटा मुलगा दानियाल दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरात होता. त्याला दोन गोष्टींचे वेड होते, मद्य आणि बंदुकीने शिकार. आपल्या एका लाडक्या बंदुकीला त्याने ‘यका-ओ-जनाजा’ असे नाव दिले होते. ज्याला ही लागली त्याची तिरडीच उठली, असा त्याचा रोख. स्वतः रचलेले दोन चरणही त्याने तिच्यावर कोरून घेतले होते. पुढे पिणे हाताबाहेर गेल्यावर अकबराचे हुकूम आले आणि सासरा अब्दुर्रहीम खानखानान याने भोवती पहारे बसवले. तेव्हा दानियालने मुर्शिदकुली नावाच्या आपल्या बंदूकबरदाराला गळ घातली. त्याने दोनदा गाळलेले कडक मद्य याच बंदुकीच्या नळीत भरून आत आणले. आतला गंज आणि जळक्या दारूची राख त्यात उतरली, आणि ते पिऊन शहजादा जो पडला तो उठला नाही. साल १६०५.

ही हकीकत जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात लिहिली आहे, आणि तिच्यावर पहिला आक्षेप सरळ आहे. तो दानियालचा भाऊ, तख्ताच्या वाटेवरचा प्रतिस्पर्धी. भावाला व्यसनी दाखवण्यात त्याचा फायदाच होता. आक्षेप रास्त आहे, पण तो मद्याच्या भागाला लागू पडतो, तोही अर्धवटच, कारण स्वतःच्या पिण्याची कबुली जहांगीराने त्याच ग्रंथात मोकळेपणाने दिली आहे. बंदुकीला नाव होते, तिच्यावर कविता होती, शहजाद्याला तिचा लळा होता, हे सांगून भावाची बदनामी होत नाही. तिथे लिहिणारा स्वतः नेमबाज आहे आणि दुसऱ्या नेमबाजाची आवड ओळखून लिहितो आहे. माणूस गरज नसताना बंदूक का बाळगतो, या प्रश्नाचे एक जुने आणि प्रामाणिक उत्तर मला इथे दिसते. दानियालला संरक्षणासाठी बंदूक लागत नव्हती. पहाऱ्याला फौज होती. पोटासाठी शिकार करायची नव्हती. त्याला ती वस्तू आवडत होती आणि तिने साधलेला नेम आवडत होता. शौकाचे मूळ या आवडीत आहे, मारण्यात नाही, असे माझे म्हणणे आहे.

पुरावा त्याच्या बापाच्या दरबारात मिळतो. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बंदुकांना स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत, आणि त्यांत लढाईपेक्षा लोहारकाम जास्त आहे. पूर्वी लोखंडाचा पत्रा ठोकून त्याच्या दोन कडा जोडत, ती सांध फुटे आणि बार उडवणाराच जखमी होई. नव्या रीतीत पत्रा तिरका गुंडाळत नेत, एका वेढ्यावर दुसरा वेढा थोडा चढवत आणि हळूहळू तापवून जोडत. पूर्वी नळी पाव भागापेक्षा जास्त भरता येत नसे. आता तोंडापर्यंत भरून बार काढला तरी ती फुटत नाही, असे तो अभिमानाने लिहितो. नळ्या आतून घासण्यासाठी बैलाने फिरणारे यंत्र होते, एका वेळी सोळा नळ्या साफ करणारे. बंदुकीवर तिचे वजन, घडवल्याची जागा, कारागिराचे नाव आणि तारीख नोंदत. उस्ताद कबीर आणि हुसेन या दोन कारागिरांची नावे अबुल फजलनेही दिली आहेत. बादशहाच्या खास बंदुका महिन्यांना वाटून दिलेल्या होत्या. फरवर्दीन महिन्याची ‘संग्राम’, जिने १५६८ मध्ये चितोडच्या तटावर किल्लेदार जयमल पडला. कोणत्या बंदुकीने कोणते जनावर टिपले ते कारकून लिहून ठेवत, आणि संग्रामच्या नावावर १,०१९ शिकारी जमा होत्या. नुसते मारायचेच असते तर एवढी लिखापढी कशाला? हातातले हत्यार किती खरे चालते, याचा तो हिशेब होता.

इथे कोणी म्हणेल, हे गोड करून सांगणे झाले. बादशाही शिकार म्हणजे सत्तेचे प्रदर्शन आणि जनावरांची कत्तल. जहांगीराच्याच नोंदीप्रमाणे बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्या समोर २८,५३२ जनावरे मारली गेली, त्यांतली १७,१६७ त्याच्या स्वतःच्या हातची. हे आकडे वाचून आज कोणालाही कसेसे व्हावे, आणि व्हायलाच हवे. तापीपलीकडचा जैनाबादचा आहूखानासुद्धा, जिथे १६३१ मध्ये मुमताजमहलचे दफन काही महिन्यांपुरते झाले, हरणे राखून शिकारीची सोय करणाऱ्या राजवटीचाच अवशेष आहे. मोठी शिकार ही फौजेची कवायतही असे. हे सगळे मान्य करूनही एक गोष्ट उरते. नातू शुजा आजारी पडला तेव्हा जहांगीराने स्वतःच्या हाताने जीव न मारण्याचे व्रत घेतले आणि ते काही वर्षे पाळले. त्या काळातही त्याचे नेमाचे कौतुक आटले नाही. १६१९ मध्ये मथुरेजवळ नूरजहानने हत्तीवरून एकाच गोळीत वाघ पाडला, तेव्हा त्याने लिहिले ते त्या बाराच्या अवघडपणाबद्दल: वाघाच्या वासाने हत्ती स्थिर राहत नाही, अंबारीतून नेम धरणे फार कठीण, आणि आपल्या खालोखाल ज्याचा नेम मानला जातो तो मिर्झा रुस्तमही हत्तीवरून तीन-तीन, चार-चार वेळा चुकलेला आहे. दोन वर्षांपूर्वी मांडूच्या मुक्कामात तिने सहा गोळ्यांत चार वाघ मारले, तेव्हाही त्याला नवल वाटले ते एकही गोळी वाया गेली नाही याचे. खुद्द मारणे सोडलेल्या माणसाला नेमाचा आनंद उरतो, म्हणजे ते दोन वेगळे आहेत.

अडीचशे वर्षांनी याच मुलखात असाच एक माणूस सापडतो. कॅप्टन जेम्स फोर्सिथ १८६० च्या दशकात निमाडचा जमाबंदी अधिकारी होता. बऱ्हाणपूर तेव्हा त्याच जिल्ह्यात. तो शिकारी म्हणून ओळखला जातो, पण सातपुड्यावरच्या त्याच्या ग्रंथाआधीचे त्याचे पुस्तक शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर आहे. दाट रानात जनावर दिसते जवळ आणि क्षणभर, अंतर मोजायला वेळ नसतो, म्हणून गोळी सरळ रेषेत जायला हवी. त्यासाठी बार भरपूर हवा, आणि भरपूर बाराने गोल गोळी खाचा सोडून घसरू नये म्हणून नळीतल्या खाचांचा पीळ मंद आणि उथळ हवा. सगळा युक्तिवाद या धर्तीचा. त्याचे राज्यकर्तेपण मी नजरेआड करत नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगण्याची बंदी झाली आणि युरोपीयांना सूट मिळाली. ती सल इतकी खोल होती की १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. गोऱ्यांना जो शौक मोकळा होता, त्यासाठी आपल्या माणसाला अर्ज घेऊन ताटकळावे लागे. दोष त्या भेदाचा होता, शौकाचा नव्हे.

सर्वांत जड आक्षेप आजचा आहे. बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या पाचोरी गावाचे नाव बेकायदा पिस्तुलांच्या संदर्भात पोलिसांच्या कारवायांत पुन्हा पुन्हा येते. हत्यारे घडवणे-परजणे हा ज्यांचा पिढीजात धंदा, त्या शिकलगारांतल्या काही घरांवर ठपका येतो आणि सगळी जमात बदनाम होते. अशा जिल्ह्यात बंदुकीच्या शौकाबद्दल बरे बोलावे कसे? मला वाटते, इथेच तो फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. गावठी कट्टा घेणाऱ्याला हातभर अंतरावर धाक दाखवायचा असतो. त्याला नळी सरळ आहे की नाही याची फिकीर नसते, आणि त्यावर कारागिराचे नाव नसावे हीच त्याची पहिली अट असते. नेमबाजाला याच्या नेमके उलटे हवे असते: ओळखीची नळी, एकसारखी काडतुसे, परवान्यावर चढलेला नंबर, प्रत्येक बाराची नोंद. १९५९ च्या कायद्यानेही परवान्याची कारणे सांगताना संरक्षण, खेळ, चांदमारी आणि पिकांची राखण वेगवेगळी धरली आहेत. केळीच्या बागेत रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक ठेवणारा शेतकरी शौकीन नाही. त्याची ती गरज आहे, आणि दोघांना एका मापाने मोजणे चूक आहे. घरातली बंदूक चुकीच्या हाती पडण्याचा धोका मात्र खरा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणाऱ्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या आणि स्पर्धेतल्या नेमबाजांची सवलत कायम ठेवली. हा तोल मला योग्य वाटतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक बंद केला, आणि ते चांगलेच झाले. मारणे हाच या आवडीचा गाभा असता तर ती तेव्हाच संपायला हवी होती. निमाडातल्याच खरगोन जिल्ह्यातल्या रतनपूरचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीत घडला. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो, कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे आणि अखिल शेरॉन यांनी पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये १८०० पैकी १७६९ गुण मिळवून विश्वविक्रमासह सांघिक सुवर्ण घेतले. पुढच्याच वर्षी स्वप्नीलने पॅरिसमध्ये कांस्य आणले. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभ्याने असे प्रत्येकी वीस बार, आणि पन्नास मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलीमीटर व्यासाचे.