मंडईची वाट

पुण्यास नव्याने आलेला प्रवासी शनिवारवाडा पाहून दक्षिणेस शिवाजी रस्त्याने चालू लागतो, तेव्हा याच दिशेने एकदा पुण्याचा भाजीबाजारही सरकला होता हे त्याच्या ध्यानी येत नाही. वाड्यापुढील उघड्या मैदानात पूर्वी मंडई भरे. ऊन, पाऊस, चिखल सोशीत विक्रेते पाट्या मांडून बसत. १८८६ साली हा बाजार शुक्रवार पेठेतील नव्या इमारतीत गेला.

वाटेत दगडूशेठ गणपतीसमोर भाविकांची दाटी असते. तेथेच समोर भिडेवाडा होता. १८४८ साली जोतीराव फुले यांनी त्या वाड्यात मुलींची शाळा काढली. मोडकळीस आलेला तो वाडा स्मारकासाठी २०२३ च्या डिसेंबरात पाडण्यात आला. पुढे बेलबाग चौकात लक्ष्मी रस्ता ओलांडला, की थोड्याच वेळात मंडईचा अष्टकोनी मनोरा दृष्टीस पडतो.

आत मेथी-कोथिंबिरीचा ओला वास, अळूच्या जुड्या, वांग्यांच्या राशी, भावासाठी चाललेली घासाघीस आणि उंच दगडी कमानींखाली घुमणाऱ्या आरोळ्या! इमारत खरोखरीच देखणी आहे. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत.

परंतु ती उभी राहण्यापूर्वीच तिच्यावरून वाद झाला होता. फुले १८७६ पासून काही वर्षे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे. हे बोलणारा मनुष्य बाजारास परका नव्हता. त्यांचे वडील गोविंदराव भाजीपाल्याचाच धंदा करीत. तथापि त्यांचे म्हणणे मागे पडले व मंडई झाली. फुले १८९० साली निवर्तले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीस महात्मा फुले यांचे नाव मिळाले.

मंडई निरुपयोगी होती असे कोणी म्हणणार नाही. शंभराहून अधिक वर्षे तिने शहराच्या चुली चालविल्या. पण गावाच्या तिजोरीतील पैसा आधी कोठे जावा, हा फुल्यांचा प्रश्न त्यांचे नाव इमारतीवर घातल्याने सुटत नाही. भाजीची पिशवी घेऊन परतणाऱ्या प्रवाशाने म्हणूनच भिडेवाड्याच्या जागेपाशी क्षणभर थांबावे. मंडईला ज्याचे नाव आहे, त्याचे मन त्या शाळेत गुंतलेले होते.