मेकॅनिक्स लीन

बांधकामाला माल किंवा श्रम पुरवूनही मोबदला न मिळालेल्या पुरवठादाराला, कारागिराला अथवा कंत्राटदाराला त्या मिळकतीवरच मिळणारा कायदेशीर बोजा. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील धारणाधिकार ताब्यातील वस्तू अडवून धरण्यापुरता असतो. परंतु भिंतीत गेलेले सिमेंट परत उचलता येत नसल्याने अमेरिकेत ताबा नसतानाही हा हक्क मान्य झाला. तेथील असा पहिला कायदा मेरीलँड राज्याने १७९१ मध्ये, वॉशिंग्टन या नव्या राजधानीच्या उभारणीला चालना मिळावी म्हणून केला.

नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात हा हक्क राज्यघटनेतच नमूद असला, तरी मालकाशी थेट करार नसलेल्या पुरवठादाराने माल देऊ लागल्यापासून २० दिवसांत मालक, मुख्य कंत्राटदार व बांधकामाला कर्ज देणारी संस्था यांना प्राथमिक सूचना द्यावी लागते. सूचना उशिरा दिल्यास तिच्या आधीच्या २० दिवसांपूर्वीचा माल संरक्षणाबाहेर राहतो. पुढे काम पूर्ण झाल्यापासून ९० दिवसांत, किंवा मालकाने पूर्णतेची सूचना नोंदवली असल्यास त्या नोंदीपासून ३० दिवसांत, काउंटीच्या नोंदणी कार्यालयात बोजा नोंदवावा लागतो. केवळ नोंदणीने पैसे वसूल होत नाहीत, हे येथे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे : नोंदणीनंतर साधारणतः ९० दिवसांत न्यायालयात दावा दाखल न केल्यास बोजा निष्प्रभ ठरतो, आणि दावा सिद्ध झाल्यास मिळकतीच्या विक्रीतून येणे फेडले जाते. मुख्य कंत्राटदाराला पूर्ण पैसे देऊन चुकलेल्या मालकावरही त्यामुळे दुसऱ्यांदा भरणा करण्याची पाळी येऊ शकते, ही या व्यवस्थेची कठोर बाजू होय.

सरकारी मिळकतीवर असा बोजा चढत नाही. संघराज्याच्या बांधकामांत मिलर अधिनियम, १९३५ नुसार कंत्राटदाराने दिलेल्या हमीपत्रावर पुरवठादाराला दावा करता येतो.