जाळलेल्या आराखड्यांचे यंत्र

जुने संगणक जमवणे, ते दुरुस्त करून चालते करणे आणि लोकांसमोर मांडणे हा वरकरणी हौशी मंडळींचा छंद वाटतो. नाणी, टपालतिकिटे किंवा अडकित्ते जमवणाऱ्यांच्या पंगतीत त्यांना बसवून आपण मोकळे होतो. परंतु अडकित्ता आणि संगणक यांत एक महत्त्वाचा भेद आहे. अडकित्ता काचेच्या कपाटात ठेवला तरी त्याचे काम पाहणाऱ्याला कळते. बंद पडलेला संगणक म्हणजे मात्र तारांनी भरलेला एक मुका सांगाडा. तो चालला तरच त्याचा अर्थ उलगडतो. म्हणूनच संगणकाच्या बाबतीत दुरुस्ती हीसुद्धा इतिहासलेखनाची एक पद्धत ठरते. याचे बोलके उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील ‘कोलोसस’.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सेनेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे संदेश लोरेन्झ नावाच्या यंत्राने कूटबद्ध केले जात. त्या यंत्राच्या चक्रांची मांडणी शोधण्यासाठी प्रचंड मोजणी करावी लागे, आणि ती हाताने वेळेत होणे अशक्य होते. ब्लेचली पार्क येथील गणितज्ञांची ही अडचण ब्रिटिश टपाल खात्याच्या संशोधन केंद्रातील अभियंते टॉमी फ्लॉवर्स यांनी सोडवली. व्हॉल्व्ह वारंवार निकामी होतात, त्यामुळे हजारो व्हॉल्व्हचे यंत्र चालणारच नाही, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. टेलिफोनच्या कामातील अनुभवावरून फ्लॉवर्स यांना ठाऊक होते की, व्हॉल्व्ह बिघडतात ते मुख्यतः चालू-बंद करताना. यंत्र अखंड चालू ठेवले तर ते टिकतात. या एका जाणिवेवर सुमारे १,६०० व्हॉल्व्हचे यंत्र उभे राहिले आणि जानेवारी १९४४ मध्ये ब्लेचलीत दाखल झाले. छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून ते सेकंदाला ५,००० अक्षरे वाचत असे. जून १९४४ मध्ये सुमारे २,४०० व्हॉल्व्हची सुधारित आवृत्ती आली. युद्ध संपेपर्यंत अशी १० यंत्रे कामाला लागली होती.

त्यानंतरची कथा विस्मरणाची नव्हे, तर जाणीवपूर्वक पुसून टाकण्याची आहे. गुप्ततेच्या आदेशानुसार बहुतेक यंत्रे मोडण्यात आली. गुप्तवार्ता खात्याने राखलेली दोन यंत्रेही १९६० च्या सुमारास मोडीत निघाली. आराखडे नष्ट करण्याचा हुकूम फ्लॉवर्स यांना मिळाला आणि त्यांनी ते भट्टीत घातले. १९७० च्या दशकापर्यंत या यंत्राचा उच्चारही जाहीरपणे होत नव्हता. दरम्यान, १९४६ मध्ये जगासमोर आलेल्या अमेरिकी ‘एनिॲक’कडे पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकाचा मान गेला आणि पाठ्यपुस्तकांतून तेच रूढ झाले. ज्याने यंत्र घडवले त्याला ‘हे मी घडवले’ एवढे म्हणण्याचीही मुभा तीस वर्षे नव्हती.

१९९३ मध्ये टोनी सेल यांनी कोलोसस पुन्हा उभारण्याचे काम हाती घेतले, तेव्हा त्यांच्यापाशी काय होते? १९४५ मधील आठ छायाचित्रे, आणि जुन्या अभियंत्यांनी नियम मोडून जपून ठेवलेले मंडल-आराखड्यांचे काही तुकडे. त्या अभियंत्यांची स्मृती हे तिसरे साधन. सुट्या भागांसाठी मोडीत निघणारी जुनी टेलिफोन केंद्रे उपयोगी पडली. ६ जून १९९६ रोजी हे यंत्र सुरू झाले, तेव्हा नव्वदीतले फ्लॉवर्स तेथे उपस्थित होते. पुढे दोनच वर्षांनी त्यांचे निधन झाले. उभारणीचे काम मात्र चालू राहिले. २००७ मध्ये पूर्ण झालेल्या यंत्राने जर्मनीतून प्रक्षेपित केलेला लोरेन्झ-संदेश सुमारे साडेतीन तासांत उलगडला. एका जर्मन स्पर्धकाने स्वतः लिहिलेल्या आज्ञावलीच्या बळावर त्याच्या आधीच बाजी मारली होती, ही गोष्ट वेगळी!

येथे प्रश्न उपस्थित होतो: हे यंत्र ‘खरे’ म्हणायचे का? साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ती व्यासांची स्वहस्ताक्षरातील प्रत असल्याचा दावा कोणी करत नाही. उपलब्ध हस्तलिखितांवरून जाता येईल तितके मागे जाणे, एवढीच तिची प्रतिज्ञा आहे. सेल यांचे कार्य याच जातीचे. फरक इतकाच की, पाठचिकित्सकाचा निर्णय चुकला तरी संहिता वाचता येते. तारेचा एक जोड चुकला तर यंत्र अडते. अर्थात चालणे हाही अंतिम पुरावा नव्हे. यंत्र असे चालू शकत होते, हे त्याने सिद्ध होते. नेमके असेच होते, हे नव्हे.

याउलट, १९५१ चा ‘हार्वेल डेकाट्रॉन’ हा अडीच टनांचा संगणक मूळ स्वरूपात हाती लागला आणि २०१२ मध्ये पुन्हा चालता झाला. तेथे धर्म वेगळा: होता होईतो जुना भाग बदलायचा नाही. एके ठिकाणी पुनर्रचना, दुसऱ्या ठिकाणी जीर्णोद्धार. दोन्ही वाटा रास्त आहेत; मात्र काय जुने आणि काय नवे, हे प्रेक्षकाला स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९५६ मध्ये प्रायोगिक आणि १९६० मध्ये पूर्ण आकाराचा संगणक तयार झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याच्या स्मृतिकोशात ४० अंकस्थानांचे २,०४८ शब्द मावत. आज तो चालताना पाहायला मिळत नाही. आपण त्याचे नाव ‘भारतातील पहिल्या संगणकांपैकी एक’ म्हणून अभिमानाने घेतो. परंतु अभिमानाला सनावळी पुरते, आकलनाला पुरत नाही. कोलोससचे आराखडे हुकमाने जाळले गेले, तरीही तो परतला, कारण काहींनी चार कागद मागे ठेवले आणि ते कागद वाचू शकणारी माणसे हयात होती. कागद पुढेमागे कोठे तरी सापडतात. ते यंत्राच्या भाषेत वाचणारी माणसे मात्र वाट पाहत थांबत नाहीत.