स्नो, कोल्ड क्रीम आणि डबीतली चरबी



थंडी सुरू झाली की तुमच्यापैकी बऱ्याच जणींचा एकच प्रश्न असतो: ताई, चेहऱ्याला काय लावायचं? आमच्या शिवऱ्यात डिसेंबरच्या सकाळी तोंड धुतलं की गाल ओढल्यासारखे वाटतात, त्यात हायवेची धूळ. पण आपल्या घरात हा प्रश्न दुहेरी असतो. कातडीला काय मानवेल हा एक, आणि डबीत नेमकं काय घातलंय हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर शोधायचं तर थोडं मागे जावं लागतं.

आपल्या आज्या 'स्नो-पावडर' म्हणायच्या, आठवतं? स्नो वेगळा आणि कोल्ड क्रीम वेगळं. कोल्ड क्रीम फार जुनं. दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन नावाचा ग्रीक वैद्य होता, त्याच्या नावावर ते सांगतात: मधमाशांचं मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी घोटून केलेलं. लावल्यावर पाणी उडून जातं आणि गार वाटतं, म्हणून 'कोल्ड'. पुढे युरोपात त्यात स्पर्म व्हेल माशाच्या डोक्यातला मेणासारखा पदार्थ पडू लागला, आणि तो विसाव्या शतकातही चालू होता. व्यापारी व्हेल-शिकार थांबवण्याचा आंतरराष्ट्रीय ठराव लागू झाला तो १९८६ मध्ये. म्हणजे आपल्यातल्या अनेकींच्या जन्मानंतर.

स्नो म्हणजे व्हॅनिशिंग क्रीम. स्टिअरिक ॲसिड, थोडा क्षार, पाणी आणि ग्लिसरीन. चोळलं की दिसेनासं होतं, चेहरा चिकट होत नाही. १९१० नंतरच्या दशकात पाँड्सने अमेरिकेत दोन्ही डब्यांची जोडीने जाहिरात केली: रात्री कोल्ड क्रीम, दिवसा व्हॅनिशिंग. मुंबईत पाटणवालांचा 'अफगाण स्नो' आला १९१९ मध्ये, आणि त्या नावानेच 'स्नो' हा शब्द घरोघरी गेला. बर्फासारखा शुभ्र, म्हणून स्नो. पण त्या काळात जगभर स्टिअरिक ॲसिड आणि ग्लिसरीन मुख्यतः जनावरांच्या चरबीतून निघत असे, साबणाच्या धंद्यासोबत. डबी उघडून वास घेतला तर गुलाबाचाच यायचा. आत काय आहे ते कोणती बाई ओळखणार?

'तुमची स्किन कोणत्या टाइपची?' हा प्रश्नसुद्धा बाजारातूनच आलाय बरं का. हेलेना रुबिनस्टाइन नावाची पोलंडची मुलगी ऑस्ट्रेलियात गेली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेलबर्नमध्ये क्रीम विकू लागली. कोरडी, तेलकट, सामान्य अशी वर्गवारी करून प्रत्येकीला वेगळी डबी विकायची रीत रूढ करण्यात तिचा मोठा वाटा होता. तिच्या क्रीमचा जीव होता लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीवरचा मेणचट थर. १९११ चं निव्हिआही लोकरीच्या मेणातून काढलेल्या घटकावरच उभं राहिलं, आणि आपल्याकडे १९२९ मध्ये कोलकात्यात निघालेल्या बोरोलीनमध्येही लॅनोलिन आहे.

भोरच्या बाजूला दिवाळीनंतर कोकणात उतरणारे धनगर मेंढरं घेऊन जाताना दिसतात. लोकर कातरताना मेंढी मरत नाही, हे खरं. पण लोकर देणारी मेंढी शेवटी कुठे जाते, हेही आपल्याला माहीत आहे. मी लॅनोलिन लावत नाही. तुम्ही तुमच्या घरच्या नियमाप्रमाणे ठरवा. मेणाचंही तसंच: मध महाविगई म्हणून आपण खात नाही, आणि मेण येतं त्याच पोळ्यातून.

आमच्या सासूबाईंनी हे सगळं न वाचताच निकाल लावला होता. १९८३ मध्ये वनस्पती तुपात परदेशातून आणलेली जनावरांची चरबी मिसळल्याचं उघड झालं. देशभर संताप उसळला, सरकारने चरबीच्या आयातीवर बंदी घातली. तूपच असं निघालं तर क्रीमचा काय भरवसा, म्हणून त्या दिवसापासून त्यांच्या कपाटात विकतची डबी आली नाही. त्या शतधौत घृत करायच्या: तांब्याच्या परातीत गाईचं तूप, गाळलेलं पाणी घालून तळहाताने फेटायचं, पाणी काढायचं, पुन्हा नवं, असं शंभर वेळा. तूप पांढरंशुभ्र, लोण्यासारखं मऊ होतं. काढलेलं पाणी मोरीत नाही, झाडाच्या बुंध्याशी. तूप आणि पाणी एकजीव करायचं, म्हणजे हेही क्रीमच की! फक्त थोडंच करावं, कारण त्यात पाणी राहतं आणि ते फार टिकत नाही.

बाहेरही कुणी स्वस्थ बसलं नव्हतं. 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी' ही संस्था १९७४ पासून आपल्या पुण्यातूनच काम करते. डायना रत्नागर यांनी ती सुरू केली, आणि कोणत्या प्रसाधनात प्राणिज घटक नाहीत याच्या याद्या संस्थेने छापल्या. २०१४ मध्ये भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला बंदी आली, तशा चाचण्या केलेल्या मालाच्या आयातीलाही. खाण्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका शोधायची सवय आपल्याला लागली आहे, पण क्रीमच्या डबीवर तो बऱ्याचदा नसतोच.

आता मुली ज्या हायलुरोनिक ॲसिडच्या बाटल्या मागवतात त्याचंही ऐका. १९३४ मध्ये ते पहिल्यांदा वेगळं केलं गेलं गाईच्या डोळ्यातून, नंतर कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत, आज बहुतेक किण्वनाने बनतं. स्क्वालेन शार्कच्या यकृतातून यायचं, आता ऑलिव्ह आणि उसातूनही येतं. स्टिअरिक ॲसिड आणि ग्लिसरीन आज बरंचसं पामतेलाचं असतं. पण नाव तेच राहतं, उगम छापलेला नसतो.

कातडीचं म्हणाल तर, कोरडी असेल तर घट्ट क्रीम किंवा ते धुतलेलं तूप, तोंड पुसल्या पुसल्या, ओलसर असतानाच. तेलकट असेल तर तूप नको, पुटकुळ्या वाढतात. पातळ जेल किंवा गुलाबपाण्यात थोडं वनस्पतिजन्य ग्लिसरीन पुरे. नुसतं ग्लिसरीन लावू नका. नाक-कपाळ तेलकट आणि गाल कोरडे असतील तर क्रीम गालांनाच. लगेच लाल होणाऱ्या कातडीला सुगंधी काहीच नको, आणि नवीन डबी आधी कानामागे लावून एक दिवस थांबा.

आणि डबीवर ग्राहक सेवेचा पत्ता असतो, त्यावर लिहून विचारा: तुमचं स्टिअरिक ॲसिड कशापासूनचं? मी दोन कंपन्यांना विचारलं. एकीने दोन दिवसांत 'पाम' म्हणून कळवलं. दुसरीला चार महिने झाले.