घरगुती मत्स्यालयातील पाणीबदल आणि गाळणीची देखभाल

घरगुती मत्स्यालयातील पाणीबदल म्हणजे काचेच्या पेटीतील पाण्याचा काही भाग ठरावीक काळाने काढून त्या जागी तितकेच ताजे पाणी घालणे होय. गाळणीची, म्हणजेच फिल्टरची, देखभाल हे त्याचे जोडकाम आहे. पाणी नितळ दिसावे एवढाच या कामांचा हेतू नसतो. माशांच्या उत्सर्गातून पाण्यात साठणारी विषारी द्रव्ये मर्यादेत ठेवणे हे त्यांचे मुख्य प्रयोजन आहे. अमोनिया आणि नायट्राइट पाण्यात विरघळल्यावर रंगहीन असतात, त्यामुळे नितळ पाणी सुरक्षित असतेच असे नाही. पेटी पूर्ण रिकामी करून वाळू आणि स्पंज नळाखाली खळखळून धुण्याची रीत अनेक घरांत आढळते. अशा धुण्यानंतर दोन-चार दिवसांत मासे मरू लागल्यास दोष पाण्याला किंवा दुकानदाराला दिला जातो. प्रत्यक्षात त्याचे कारण बहुधा ती स्वच्छताच असते.

नायट्रोजन चक्र

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनिया तयार होतो. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्रोस्पिरासारखे दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. असे जिवाणू वेगळे करून ही प्रक्रिया उलगडण्याचे काम रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९०च्या सुमारास केले. नायट्राइट माशांच्या रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवते. पाण्यात हवा सोडलेली असूनही मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात, ते यामुळेही असू शकते. नायट्रेट तुलनेने सौम्य आहे, मात्र साध्या गाळणीत ते नष्ट होत नाही. पाण्यातील वनस्पती त्याचा काही भाग शोषून घेतात आणि उरलेले पाणीबदलानेच काढावे लागते.

नव्या पेटीत हे जिवाणू पुरेसे वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या, निरोगी मत्स्यालयातील स्पंजचा तुकडा नव्या गाळणीत ठेवल्यास हा काळ बराच कमी होतो. दुधाला विरजण लावण्यासारखाच हा प्रकार आहे.

गाळणीची देखभाल

गाळणी कचरा अडवते, पण तिचे अधिक महत्त्वाचे काम जिवाणूंना राहण्यासाठी पृष्ठभाग देणे हे आहे. हे जिवाणू स्पंज, वाळू, दगड आणि काचेवर चिकटून वाढतात. मोकळ्या पाण्यात ते फार थोडे असतात. म्हणून पाण्याचा काही भाग बदलल्याने त्यांची फारशी हानी होत नाही, परंतु स्पंज क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्यात, गरम पाण्यात किंवा साबणाने धुतल्यास त्यांची वसाहत मोठ्या प्रमाणात नष्ट होते. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच बादलीत दोन-तीनदा पिळून परत बसवणे ही सुरक्षित पद्धत मानली जाते. पाण्याचा प्रवाह मंदावला, की ही सफाई करण्याची वेळ झाली असे समजावे. स्पंज तपकिरी दिसणे हा दोष नाही. दोन स्पंज असल्यास ते आलटून पालटून धुतात. वाळूची सफाई आणि स्पंजची धुलाई एकाच दिवशी टाळतात. या कामाची बादली वेगळी ठेवणे इष्ट असते, कारण कपड्यांच्या बादलीत राहिलेला साबणाचा अंशही माशांना घातक ठरू शकतो.

पाणीबदलाचे प्रमाण

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते. त्याचा चौथा भाग १४ लिटर, म्हणजे जवळपास एक बादली होतो. आठवड्याला इतका बदल सामान्य पेटीस पुरतो. गोल्डफिशसारखे अधिक मल टाकणारे मासे असल्यास तो वाढवावा लागतो. आठवड्यात नायट्रेट लिटरमागे १० मिलिग्रॅमने वाढत असेल आणि नव्या पाण्यात ते नसेल, तर दर आठवड्याच्या २५ टक्के बदलाने त्याची पातळी बदलापूर्वी ४० मिलिग्रॅमच्या आसपास स्थिरावते, ५० टक्के बदलाने २० मिलिग्रॅमच्या आसपास. बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरणे म्हणजे पाणीबदल नव्हे, कारण क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात.

अनेक महिने दुर्लक्षित राहिलेल्या पेटीतील धोका वेगळा असतो. जिवाणूंच्या कार्यात पाण्याची क्षारता खर्च होते आणि पाणी हळूहळू आम्लधर्मी बनते. आम्ल पाण्यात अमोनिया मुख्यतः अमोनियम या कमी विषारी रूपात असतो. अशा पेटीत एकदम निम्मे ताजे पाणी ओतल्यास सामू चढतो आणि अमोनियमचा काही भाग पुन्हा विषारी अमोनियात बदलतो. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना एकूण अमोनियाचा एक टक्क्याहून कमी भाग या विषारी रूपात असतो; सामू ८ असताना तो सुमारे पाच टक्के होतो. त्यामुळे अशा पेटीचे पाणी रोज थोडे थोडे करून बदलतात.

टोकावडे परिसरातील पाणी

टोकावडे हे ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील, कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या मार्गावरील गाव आहे. मुरबाड आणि शेजारच्या शहापूर तालुक्यांत पाऊस भरपूर पडतो, तरी उन्हाळ्यात अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा आणि भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यातच आहेत, ही विसंगती स्थानिकांना चांगलीच परिचित आहे. अशा ठिकाणी मत्स्यालयासाठी आठवड्याला एक बादली काढणे हाही हिशेबाचा विषय ठरतो. मोजके मासे, कमी खाद्य आणि भरपूर वनस्पती ठेवल्यास पाण्याची गरज घटते.

पाण्याचा स्रोत ऋतूप्रमाणे बदलतो आणि त्यानुसार खबरदारीही बदलते. विहिरीत किंवा ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर टाकली जाते, तिच्यातील क्लोरीन कल्ल्यांना इजा करतो. रुंद तोंडाच्या भांड्यात पाणी २४ तास उघडे ठेवल्यास तो बहुतांशी उडून जातो. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेटचे द्रावण वापरतात. कातळातील बोअरवेलचे पाणी साधारणतः जड असते आणि ताजे उपसलेले असताना त्यात प्राणवायू कमी असू शकतो, म्हणून ते हवा देऊन वापरतात. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात. तुरटीने क्षारता आणि सामू घटतात, त्यामुळे असे पाणी एकाच वेळी जास्त घालत नाहीत. तांब्याच्या हंड्यात साठवलेले पाणी पूर्णपणे टाळतात, कारण त्यात उतरलेले तांबे गोगलगायी व झिंगे यांना अल्प प्रमाणातही मारक असते. एप्रिल-मे महिन्यांत छतावरील काळ्या टाकीचे पाणी दुपारी तापलेले असते; ते रात्रभर घरात ठेवून तापमान पेटीशी जुळल्यावर घालतात.

वीज गेल्यास

भारनियमनात किंवा पावसाळी वादळात वीज दीर्घकाळ गेल्यास पेटीबाहेरील बंद डब्याच्या गाळणीतील प्राणवायू काही तासांत संपतो, जिवाणू मरू लागतात आणि आतले पाणी नासते. वीज आल्यावर ती तशीच सुरू केल्यास हे पाणी पेटीत येते. आधी डबा रिकामा करून स्पंज विसळणे आवश्यक असते. हवेच्या पंपावर चालणारी स्पंज गाळणी पेटीतच असल्याने तिच्यातील जिवाणू अधिक काळ टिकतात. शिवाय ती स्वस्त आणि घरच्या घरी दुरुस्त होण्याजोगी असते, त्यामुळे ग्रामीण भागात हीच गाळणी अधिक सोयीची ठरते. बॅटरीवर चालणारा पंप नसल्यास तांब्याभर पाणी पेटीतूनच घेऊन उंचावरून परत ओतत राहणे हा तात्पुरता उपाय आहे. विजेविना असताना माशांना खाद्य देत नाहीत.

काढलेल्या पाण्याचा वापर

पेटीतून काढलेल्या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट असल्याने ते परसातील मिरची, वांगी किंवा फुलझाडांना उपयुक्त असते. पेटीत मीठ किंवा औषध घातले असल्यास मात्र ते झाडांना देत नाहीत. हे पाणी किंवा नकोसे मासे काळू नदीत, ओढ्यात वा तलावात सोडणे अयोग्य मानले जाते, कारण त्यासोबत रोगजंतू, गोगलगायींची अंडी आणि परकीय जाती पसरतात. मत्स्यालयाची काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा, मूळचा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे. त्याच्या काटेरी कवचाने जाळी फाटतात आणि त्याला बाजारभावही मिळत नाही.