दुखण्याच्या दवाखान्यातली पाटी

जुनाट दुखण्यांवर सोनोग्राफीत बघून इंजेक्शन देणाऱ्या दवाखान्यात आमच्यासारखे सत्तरीपुढचेच जास्त. तरी भिंतीवर पाटी असते : 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.' शेजारचे एक आजोबा ती वाचून मिश्कील हसले. मला मात्र त्या पाटीमागचा इतिहास शोधावासा वाटला.

ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी धातूतल्या भेगा शोधणारं यंत्र रुग्णांच्या पोटाला लावून पाहिलं आणि १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये निबंध प्रसिद्ध केला. गर्भ पाहायला ते यंत्र लवकरच रुळलं. दुखण्याच्या डॉक्टरांना त्याची आठवण व्हायला मात्र फार काळ गेला. तोवर सुई बोटांच्या अंदाजाने टोचत, नाहीतर क्ष-किरणांच्या आधाराने. क्ष-किरणात हाड दिसतं, मज्जातंतू दिसत नाहीत.

मानेत मज्जातंतूंचा एक पुंजका असतो. हाताची सतत आग होणाऱ्या काही दुखण्यांत तो बधिर करतात. आणि अगदी शेजारून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या! १९९५ साली व्हिएन्नाच्या काप्राल आणि सहकाऱ्यांनी बारा रुग्णांत हे काम सोनोग्राफीत बघत केलं. पडद्यावर सुईची जागाही दिसली आणि औषध कुठवर पसरतंय तेही. अंदाजाने टोचलं तेव्हा तिघांच्या मानेत थोडं रक्त साकळलं होतं. बघून टोचल्यावर एकाच्याही नाही. रुग्ण फक्त बारा, पण पुढची वाट दिसली.

इकडे तोवर या यंत्राचा भलताच उपयोग सुरू झाला होता. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला. केंद्राचा १९९४चा, अंमल १९९६ पासून. त्यामुळे खांद्यात सुई देणाऱ्यालाही यंत्राची नोंदणी करावी लागते. काही डॉक्टर वैतागतात. कागदपत्रांचा जाच आहे खरा, पण गुडघा बघणाऱ्या यंत्राला गर्भही दिसतोच की!

महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. यातलीच काही मुलं पुढे माझ्या वर्गात आली. हजेरी घेताना मुलींची नावं लवकर संपायची.