परसातल्या कोंबडीचा खुराक

कोंबडी पाळायला खर्च किती येतो, असे खेड्यातल्या एखाद्या आजीबाईंना विचारले तर त्या हसतील. "तिला कसला आलाय खर्च? ती आपलं आपण खाते!" उत्तर काही खोटे नाही. आपली गावरान कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते, किडे-वाळवी टिपते, खळ्यावर सांडलेले दाणे वेचते आणि दिवेलागणीला खुराड्यात येऊन बसते. मूठभर कण्या टाकल्या की झाले. अर्थात अंडीही ती तशी बेतानेच देते. कमी खाणे आणि कमी देणे, असा तो उभयपक्षी मान्य झालेला करार आहे.

पण कोंबडीकडून भरपूर अंडी हवी असतील तर? पहिल्या महायुद्धात १९१७ साली अमेरिका उतरली, तेव्हा तिथल्या सरकारी कृषिखात्याने एक भित्तिपत्रक काढले होते. घरातल्या माणशी दोन कोंबड्या परसात पाळा, कुटुंबाला ताजी अंडी पुरतील, असा त्याचा आशय. खर्चाची काळजी नको, खर्च थोडाच, कारण बराचसा खुराक ताटातल्या उष्ट्या-खरकट्यातूनच निघतो, असेही त्यात म्हटले होते. हे 'खर्च थोडाच' कितपत खरे, याची परीक्षा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये झाली. तीच हकिकत आज सांगायची आहे.

१९३९ साली युद्ध पेटले तेव्हा ब्रिटन आपल्या अन्नाचा मोठा भाग समुद्रापलीकडून आणत होते, आणि जनावरांचे खाद्यही. जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवू लागल्या, तसा एकच प्रश्न उरला : जे जहाज सुखरूप पोचेल त्यात काय भरलेले असावे? गाय गवत खाऊन दूध देते, म्हणून ती वाचली. कोंबडी आणि डुक्कर मात्र माणसाच्याच ताटातले धान्य खातात. पावाचा गहू की कोंबडीचे दाणे, अशी निवड आल्यावर निकाल काय लागणार हे उघड होते. १९४१ च्या फेब्रुवारीत पशुखाद्याचे रेशनिंग सुरू झाले आणि धंदेवाईक कोंबडीवाल्यांना आपले कळप कापून काढावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये अंड्यांचेही नियंत्रित वाटप सुरू झाले. माणशी आठवड्याला एक अंडे, तेही दुकानात आले असेल तर!

आता लोक परसाकडे वळले, यात नवल नाही. शोभेच्या फुलांचे वाफे मोडून तिथे खुराडी उभी राहिली. पण खुराडे झाले, खुराकाचे काय?

अंडी देणारी कोंबडी दिवसाला सुमारे ४ औंस, म्हणजे ११०-११५ ग्रॅम कोरडे खाद्य खाते. वर्षाचा हिशेब केला तर चाळीस किलोच्या घरात जातो. इंग्रज गृहिणी बटाट्याच्या साली, कोबीची बाहेरची पाने, उरलेसुरले सगळे उकडून, कुस्करून कोंबड्यांपुढे ठेवू लागली. मात्र सालींत पाणी आणि पिष्ट, एवढेच मुख्यतः असते. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात, ती कुठून यायची? नुसत्या सालींवर कोंबडी जगते हो, पण अंडी देत नाही. म्हणून त्या लगद्यात मिसळायला एक पुरवणी पीठ लागे, त्याला 'बॅलन्सर मील' म्हणत. हे पीठ सरकारकडून मिळे. पैसे द्यावे लागतच, पण खरी किंमत निराळी होती. घरातल्या ज्या माणसांच्या नावावर पीठ घ्यायचे, त्यांनी दुकानातल्या अंड्यावरचा आपला हक्क सोडायचा.

कोंबडीच्या खुराकाची किंमत अंड्यांत मोजण्याची ही पद्धत मला फार प्रामाणिक वाटते. चौघांचे कुटुंब घ्या. आठवड्याची चार अंडी सोडली, म्हणजे कागदावर वर्षाची दोनशे आठ गेली. तीन कोंबड्यांनी शंभर-शंभर जरी दिली तरी तीनशे होतात. फायदाच की! पण कोंबडी पंचांग बघून अंडी देत नाही. वसंतात टोपली भरते, शरदात पिसे गळू लागली की अंडी थांबतात, आणि तिकडच्या हिवाळ्यातल्या आखूड दिवसांत तर जवळजवळ शुकशुकाट. खाणे मात्र थांबत नाही! आणि दुकानाचे दार तर आपणच बंद करून घेतलेले. मग वसंतातली अंडी सोडियम सिलिकेटच्या पाण्यात, बादल्या भरभरून, हिवाळ्यासाठी ठेवायची.

काहींनी यातून वाट काढली. शेजारच्या घरांनी आपला हक्क कोंबडीवाल्या घराकडे द्यायचा, त्या प्रमाणात पीठ जास्त मिळायचे, आणि अंड्यांत वाटा मिळायचा. कोंबड्या एकाच्या परसात, साली चार घरांच्या. आपल्याकडच्या भिशीसारखेच म्हणा ना!

पावाचा तुकडा टाकावा, तर त्याचीही चोरी. माणसाने खाण्याजोगे अन्न वाया घालवणे हा १९४० पासून गुन्हा ठरला होता. लंडनजवळच्या बार्नेट येथे १९४३ साली एका बाईंना पाखरांना पाव घालू दिल्याबद्दल दहा पौंड दंड झाला. याच १९४३ साली बंगालमध्ये माणसांना भाताची पेज मिळत नव्हती, आणि तिकडे धान्याची जहाजे पाठवा या मागणीला लंडनहून बहुतांशी नकारच मिळत होता. जहाजांच्या त्या हिशेबात आपण कुठे बसत होतो, हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. पण कोंबडीच्या दाण्याची गोष्ट सांगताना तो मनातून जात नाही.

१९४२ पासून अमेरिकेतून अंड्यांची पूड येऊ लागली. एका पुड्यात बारा अंड्यांचा ऐवज. दाणा अमेरिकेतल्या कोंबडीने तिथेच खायचा, आणि अंड्यातले पाणीसुद्धा काढून टाकून उरलेले तेवढे जहाजात चढवायचे!

युद्धाच्या उत्तरार्धात ताज्या अंड्यांपैकी चौथ्या हिश्श्याच्या आसपास अंडी घरगुती कोंबड्यांची होती, असा अंदाज दिला जातो. या यशाचे कौतुक व्हावे तेवढे थोडेच. तथापि खर्चाच्या वहीत दोन रकमा कोणी लिहिल्याच नाहीत. रोज साली उकडायला लागणारा कोळसा, आणि तोही टंचाईच्या दिवसांत. आणि त्या चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईचा वेळ. खरकटे फुकट होते, पण ते खुराक होईपर्यंत फुकट राहत नव्हते.

युद्ध १९४५ मध्ये संपले, तरी ब्रिटनमध्ये अंड्यांचे रेशनिंग १९५३ च्या मार्चपर्यंत चालले, आणि पशुखाद्याचे त्याच वर्षीच्या ऑगस्टपर्यंत. पुढे दाणा नुसत्या पैशाला मिळू लागला. मग परसवाल्यांनी शिलिंग-पेन्सांत हिशेब मांडून पाहिला. टनावारी दाणा घेणाऱ्या मोठ्या शेडवाल्यांच्या अंड्यांपुढे पाच-सहा कोंबड्यांचा मेळ बसेना. खुराड्यांतून कुदळी, फावडी आणि जुन्या कुंड्या दिसू लागल्या.